नानांच्या नकाशातली एक चूक

नाना गेल्याचे पोस्टकार्ड धुळ्याहून आले. असे पत्र आपल्याकडे घरात ठेवत नाहीत, वाचून लगेच फाडतात. मीही फाडले, आणि फाडताना बोटांना जे जाणवले ते दुःख नव्हते. त्याला काय म्हणावे हे ठरवण्यात पाच आठवडे गेले. दरम्यान याच पुरवणीत नानांवर दोन लेख आले. एकाने त्यांना खान्देशाचा चालताबोलता नकाशा म्हटले. दुसऱ्याने लिहिले की आडवाटेवरचा प्रत्येक जुना दगड नानांनी लोकांना हाताला धरून दाखवला. तिथे मी चहाचा कप खाली ठेवला. मला एक दगड नानांनी दाखवला नाही. तो त्यांना ठाऊक होता, मला हवा होता, आणि तो पाण्याखाली जाणार हे आम्हा दोघांनाही माहीत होते. गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे हा संकेत मी मानते. पण नानांनी त्या संकेताचा लाभ जिवंतपणीच पुष्कळ घेतला आहे. त्यांचे आडनाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच.

नाना माझ्या वडिलांचे मित्र. मोजणी खात्यात आरेखक म्हणून त्यांनी सारी नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर धुळ्यातल्या घराची पुढची खोली नकाशांना देऊन टाकली. ऐंशीच्या त्या वर्षांत एखादे अनोळखी लेणे, एखादे झाडीत हरवलेले देऊळ पाहायला निघालेल्या माणसाच्या हाती असे तरी काय? एसटीचे वेळापत्रक, आणि शाळेच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा, ज्यात सातपुडा म्हणजे तपकिरी रंगाचा एक फराटा. जुन्या गॅझेटियरात ‘गावाच्या ईशान्येस दोन मैलांवर एक टाके, त्यावर अक्षरांची ओळ’ एवढे सापडायचे. पण ते गावच उठून गेलेले असायचे, महसुली दप्तरात ‘बेचिराख’ असा शेरा घेऊन निजलेले. मैलाला एक इंच अशा प्रमाणाच्या सरकारी नकाशासाठी मी रीतसर अर्ज केला होता. सात महिन्यांनी उत्तर आले, सदर पत्रक साठ्यात उपलब्ध नाही. त्या बंद दाराची मागची खिडकी म्हणजे नाना.

त्या खोलीत शिरले की आधी ट्रेसिंगच्या कापडाच्या खळीचा कोरडा वास येई, मग शाईचा, मग कप्प्याकप्प्यात वाळवीसाठी घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा. जळगावच्या महाविद्यालयात मी कविता शिकवत असे. ओळ कशी वाचावी हे मला येते, असा माझा समज होता. नानांनी तो पहिल्याच भेटीत मोडला. माझे बोट धरून त्यांनी ते उंचीच्या रेषांवरून फिरवले. म्हणाले, “रेषा जवळ आल्या की दम लागला पाहिजे. नुसते डोळे काय फिरवतेस?” आणि खरोखर, त्या दाट रेषांवर माझा श्वास अडखळला. हे ऋण मी नाकारत नाही. त्यांच्या टाकातून नदी उतरताना पाहिली की वाटे, हिला उगमापासून कुणीतरी हलकेच सोडले आहे... असा हात मी पुन्हा पाहिला नाही. म्हणूनच जे घडले ते विसरता येत नाही. ओबडधोबड हाताने फसवले असते तर मी सावध राहिले असते.

त्यांनी दिलेल्या पहिल्या नकाशावर मी आणि माझी मैत्रीण सुमन चाळीसगावच्या दक्षिणेचे एक पडके शिवालय पाहून आलो. सुमन नशिराबादची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नकाशात देवळाच्या अलीकडे एक विहीर होती. ती सापडली नाही. एप्रिलच्या उन्हात आम्ही रिकामा तांब्या घेऊन तासभर ती शोधली, ओठांना मीठ लागेपर्यंत. शेवटी सुमन म्हणाली, “बुजवली असेल कुणी.” मीही तेच धरून चालले. नानांचे चुकेल, ही शक्यता दोघींपैकी एकीच्याही मनात आली नाही.

मग त्या टाक्याची गोष्ट निघाली. साक्रीच्या बाजूला दोन नाले मिळतात, तिथे काठच्या खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे, त्यावर एक ओळ आहे, असे नानांनीच सांगितले. तरुणपणी मोजणीला गेले असताना त्यांनी ती पाहिली होती. बरोबरच्या एका जाणकाराने ती दानाची ओळ असल्याचे ओळखले होते. कुणा बाईने भिक्षूंसाठी टाके खोदवले, आणि सुरुवातीलाच तिचे नाव आहे. “डोळ्यांना दिसत नाही,” नाना म्हणाले, “बोटांना लागतं.” त्या वाक्याने मला वेड लावले. दोन हजार वर्षे दगडात टिकलेले बाईचे नाव, आणि ते वाचायला बोटे हवीत! सुमनचे कारण माझ्यापेक्षा खोल होते. ती म्हणाली, “आमच्या घरात बुद्ध आजोबांच्या वेळी आला. त्या दगडात तो कधीचा येऊन बसलाय. मला एकदा तिथं हात लावायचाय, बस.” पण तिथल्या धरणाची घळभरणी झाली होती, भिंतीतली शेवटची फटही बुजली होती. गावे हिवाळ्यातच उठली होती. पावसाळ्यात पाणी अडले की संगम बुडणार होता. हे मी नानांना त्यांच्या खोलीत बसून सांगितले. त्यांनी मान हलवली, कापड ताणले आणि माझ्यासमोर नकाशा उतरवून दिला. डावीकडच्या नाल्यात, संगमापासून तीन वळणे वर, एक नाजूक चौकोन. शेजारी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात : टाके.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो. ठसा घ्यायचा कागद, कुंचला, भाकरी, दोन दिवसांचे पाणी. उठून गेलेल्या गावातून चालताना जो आवाज येतो तो मी अजून विसरले नाही. दारे काढून नेलेल्या घरांतून वारा असा जात होता की जणू घरेच दम टाकत होती. वाट विचारावी तर माणूस नाही. डावा नाला आम्ही तिसऱ्या वळणापर्यंत पाहिला, मग चौथ्या, मग सातव्या. खडकाला हात लावलावून तळवे भाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणाले, “नकाशा चुकला असेल का गं?” सुमन चिडली. “नानांचा? वेडी का तू? आपल्यालाच वळणं मोजता येत नाहीत.” आणि आम्ही पुन्हा पहिल्या वळणापासून मोजायला लागलो... आपल्या पायांपेक्षा त्या रेषेवर आमचा विश्वास अधिक होता.

उन्हे कलताना मेंढ्या घेऊन एक म्हातारा धनगर आला. बराच वेळ त्याने आमची गंमत पाहिली असावी.

“अक्का, ह्या नालाम्हा काय सोधी ऱ्हायनात?”

“टाकं. दगडातलं.”

“ते आठे कोठे? ते त्या नालाम्हा शे. संगमना पल्याड.” त्याने उजव्या नाल्याकडे हात केला आणि हसून म्हणाला, “तुमले आठे कोन्या शहाणानी धाडं?”

शेवटची गाडी चुकवता येत नव्हती. सुमनची शाळा दुसऱ्या दिवशी सुरू होत होती, तिचा पाय सुजला होता, पाणी संपले होते. पुढच्या रविवारी येऊ असे ठरले. पुढच्या रविवारी आलो तेव्हा वरच्या अंगाला पाऊस होऊन गेला होता. उजव्या नाल्याच्या तोंडाशी गढूळ पाणी थबकून उभे होते. त्याला प्रवाह नव्हता, घाई नव्हती. ते नुसते चढत होते. ओल्या मातीचा, कुजत्या बाभळीच्या शेंगांचा वास येत होता. सुमन काठावर बसली आणि तिने पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. परतीच्या गाडीत तिने तो हात ओढणीला पुसलाही नाही.

त्याच आठवड्यात मी धुळ्याला गेले. नाना चहा बशीत ओतत होते.

“नाना, तुम्ही टाकं डाव्या नाल्यात दाखवलंत.”

“हो.”

“ते उजव्या नाल्यात आहे.”

“आहेच.” त्यांनी बशीवर फुंकर घातली. “मला काय सांगतेस? मी पाहिलंय ते.”

मला वाटले, माझे कान मला फसवताहेत. मग त्यांनी अगदी शिकवण्याच्या सुरात समजावून दिले. प्रत्येक नकाशात ते एक चूक घालत. एकच. कुठे नसलेली विहीर, कुठे सरकवलेली पायवाट. कुणी त्यांचा नकाशा आपला म्हणून छापला, तर ती चूक चोराचे नाव सांगणार. फार पूर्वी मोठ्या शहरातल्या एका विद्वानाने त्यांचे नकाशे पुस्तकात घातले होते आणि नानांचे नाव कुठेही दिले नव्हते. ती जखम खरी होती. ते पुस्तक मी पाहिले आहे.

“मी छापणार होते का नाना?”

“कपाळावर लिहिलेलं नसतं, कुमुद. तोही असाच गोड बोलायचा.”

“निदान तोंडी सांगायचं.”

“परत यायचंस. सगळे परत येतात. म्हणतात, नाना, चुकलो. मग सांगतो मी.”

“पाणी थांबणार होतं का तोवर? तुम्हाला माहीत होतं!”

“माहीत होतं,” ते म्हणाले. “पण एकासाठी रीत मोडली की ती रीत राहत नाही.”

मी विचारले, निदान ते नाव तरी सांगा. ते म्हणाले, “नाव मला कुठून येणार? मला ती लिपी येत नाही. मला जागा येते.” मग कपाळावर बोट टेकवून हसले. “घरातल्या प्रतींतही चूक आहे बरं. खरी प्रत फक्त इथे.” ते हसू मला आजही दिसते. ज्या माणसाचे नाव कुणी पुसले त्यानेच दुसऱ्या एका नावावर पाणी चढू दिले, आणि त्याला ते कळलेही नाही. कळले असते, तरी रीत मोडली असती असे मला वाटत नाही. ते आजारी असल्याचे कानावर आले, तेव्हाही मी गेले नाही.

गेल्या आठवड्यात गेले ते त्यांच्या सुनेच्या निरोपावरून. शोभावहिनींनी या माणसाचे अखेरचे वर्ष एकटीने निभावले. त्यांना नाही म्हणता येईना. एका संस्थेचे लोक नकाशे न्यायला येणार होते, त्याआधी मी एकदा नजर टाकावी अशी त्यांची इच्छा होती. खोलीत पाल्याचा वास उरला नव्हता. कप्पे उघडत गेले. एकेक नकाशा खिडकीशी धरला... काय ते सौंदर्य! आणि प्रत्येकात कुठेतरी एक खोटा ठिपका, जो जगात एकाच माणसाला माहीत होता. कुठेही नोंद नाही, वही नाही, खूण नाही. मी वहिनींना सगळे सांगितले. त्या फार शिकलेल्या नसल्या तरी तल्लख आहेत. कमरेवर हात ठेवून त्या कप्प्यांकडे पाहत राहिल्या.

“मंग ह्या बठ्ठा नकाशा खोटा शेतस का, ताई?”

तळच्या कप्प्यात माझ्या नकाशाची जोडप्रत सापडली होती, कोपऱ्यात माझे नाव घातलेली. मी नानांच्याच टाकाने डाव्या नाल्यातला चौकोन खोडला आणि उजव्या नाल्यात, धनगराने हात केला होता त्या जागी, नवा काढला. त्यांच्या रेषेशेजारी माझी रेघ कुरूप दिसली. त्यांच्या सहीखाली मी माझी आणि सुमनची सही केली. मला बरे वाटले, हे लपवत नाही.

“हाऊ एक नकाशा खरा शे,” मी त्यांच्याच बोलीत म्हणाले.

वहिनी नकाशावर वाकल्या. शाई अजून ओली होती.

“आन् तठे जाता येस का?”

“नाही,” मी म्हणाले.