ड्रिलला दम खाऊ दिला नाही

मी काचेच्या केबिनमध्ये बसून कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम करायचो आणि बाहेर मशीनवर आप्पा तो चालवायचे. उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुकड्यांतून व्हॉल्व्ह घडतात. तुकड्यातली प्रत्येक खाच, प्रत्येक भोक स्क्रीनवर एकेका ओळीत मांडलेलं असतं. ओळ उघडायची, खोली बदलायची, पद्धत बदलायची, की मशीन निमूट तसं वागतं. यातलं मला आप्पांपेक्षा जास्त कळतं, असा माझा तोरा होता. डिप्लोमा झालेला दीडशहाणा मी.

आप्पा हिंडलग्याहून सायकलीने यायचे. नवा माल आला की एकेक तुकडा पान्याने ठोकून त्याचा आवाज ऐकायचे. माझ्याआधीच्या माणसाकडून त्यांनी एक गोष्ट प्रोग्रॅममध्ये घालून घेतली होती. खोल भोक एका दमात पाडायचं नाही. ड्रिल थोडं आत जाणार, बाहेर येऊन चुरा टाकणार, पुन्हा आत जाणार.

"बिडाच्या पोटात कुठं गाठ असंल कुणाला ठावं? ड्रिलला दम खाऊ दे की रं," म्हणायचे.

मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा. दर तुकड्यामागे फुकटचा वेळ जातो म्हणून मी चरफडायचो. एका सकाळी मी भोकांच्या ओळी उघडल्या आणि ते थांबणं काढून टाकलं. आप्पांना विचारलं नाही. आदल्या दिवशी दुसऱ्या मशीनवर पोलादी ठोकळा लावून करून बघितलं होतं, झकास झालं होतं. ओतीव बिडाची गोष्ट वेगळी, हे आप्पा रोज सांगत होते, पण ऐकतो कोण?

पहिल्याच तुकड्याला, आप्पा पाठ फिरवून पुढचा तुकडा ठोकत असताना, ड्रिल मोडलं. तुकडा उखडला आणि मशीनचा मुख्य दांडा वाकला. मालक धावत आले. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता, आणि ड्रिल त्यांनीच बसवलेलं होतं. मालकांनी काही विचारायच्या आत तेच बोलले.

"माझंच चुकलं, मालक. नीट आवळलं न्हाय वाटतं. दिसलं न्हाय मला."

मी केबिनच्या दारात उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. नोकरी जाईल म्हणून मी मूग गिळून गप्प राहिलो. संध्याकाळी सगळे गेल्यावर ओळी पुन्हा होत्या तशा केल्या.

मालकांनी आप्पांना काढलं नाही. मशीनवरून उठवून कडा घासायच्या टेबलावर बसवलं, हातात कानस देऊन. पण त्याहून वाईट पुढे झालं. आप्पांचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच उडाला. साधा नट आवळला तरी शेजारच्याला हाक मारायचे, "बघ गा जरा, बसलाय का?" मला ते ऐकवत नसे. मी केबिनचं दार लावून घ्यायचो. लाज वाटायची, पण पगार त्याहून मोठा वाटायचा. वर्षभरात ते काम सोडून घरी बसले.

गेल्या महिन्यात न राहवून हिंडलग्याला गेलो. आप्पा कट्ट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं: ओळी, ठोकळा, ती संध्याकाळ. सांगताना रडलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत काकूंना हाक मारली.

"ऐकलीस काय गं? म्हाताऱ्याचं मन राखायला पोरगं एवढ्या लांबनं आलंय. माझी चूक सोताच्या डोक्यावर घ्यायला लागलंय."

"आप्पा, शपथेवर सांगतो, चूक माझीच होती."

"व्हय रं बाबा, व्हय," ते हसून म्हणाले. "लई मोठं मन हाय तुझं."