नाव माझं, एजन्सी शेठची

"ऊठ आता. साहेब गेला," शेठ म्हणाला.

गॅस कंपनीच्या साहेबाची जीप अजून चौकातून वळलीसुद्धा नव्हती. मी खुर्चीतून उठले. दिवाणजीनं तांब्याभर पाणी आणलं, खुर्चीवर शिंपडलं, फडक्यानं पुसलं. हात टेकायच्या दांड्यासुद्धा पुसल्या. मी तिथंच उभी होते. लपवून करावं असं कुणालाच वाटलं न्हाई. मंग शेठ त्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तू मागं जा. गोडाऊनच्या दारात बस. वारं येतं तिथं."

दुकानावरच्या पाटीवर माझं नाव होतं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, लाल अक्षरात. अंबडच्या बसस्टँडवरून येणाऱ्याला ते लांबून दिसायचं. बाबा बाजार समितीत हमाली करायचे. पोतं टाकून घरी जाताना मुद्दाम वळसा घालून यायचे, रस्त्याच्या पलीकडं उभं राहून पाटी वाचायचे आणि जायचे. आत कधी आले न्हाईत.

ती गॅस एजन्सी आमच्या समाजाच्या बाईसाठी राखीव होती. पेपरात जाहिरात आल्ती. नव्वदीची सुरुवात असंल. मी बी.ए. झाल्ते, मराठी घेऊन. औरंगाबादला मुलाखत दिली. स्वतःच्या हिमतीवर दिली. निवड झाली तेव्हा अख्ख्या बुद्धवाड्यानं मला बघायला गर्दी केली. पण एजन्सीला गोडाऊन लागतं, भांडवल लागतं. बँकेत गेले तर विचारलं, तारण काय? आमच्याकडं तारण ठेवण्यासारखं एकच होतं. बाबांची पाठ.

शेठ आमच्या दारात आला तो तेव्हा. बाबा त्याच्याच आडतीवर माल उतरवायचे. तो खाटेवर टेकला. चहाचा कप हातात घेतला, थोडा वेळ धरला, तसाच खाली ठेवला. म्हणाला, "तुमची पोरगी ती माझी पोरगी. नाव तिचं, जागा माझी. भागीदारी निम्मी-निम्मी." बाबा उभेच होते. स्वतःच्या घरात उभे. कागद इंग्रजीत होते. मी विचारलं, काय लिहिलंय? शेठ हसला. "कंपनीला द्यायचे फॉर्म हायेत. भागीदारीचेच."

मी सह्या केल्या.

भागीदारी कधी दिसलीच न्हाई. पगार मिळायचा, दिवाणजीच्या हातून, तोही वरून टाकलेला. गिऱ्हाईक विचारायचं, ही बाई कोण? शेठ म्हणायचा, कामाला हाये. कंपनीचा साहेब यायचा असला की सकाळी निरोप यायचा, बरी साडी नेसून ये. त्या तासाभरापुरती मी मालकीण. मंग पुन्हा तांब्या, पुन्हा फडकं.

तिथं मला बाईसाब म्हणणारा एकच माणूस होता. हमीदभाई. हातगाडीवर सिलेंडर घेऊन घरोघरी पोचवायचा. दुपारी शेठ त्याला गोडाऊनच्या मागं बसवायचा, मोठ्या सिलेंडरमधून छोट्या टाक्या भरायला. चोरून विकायच्या टाक्या. गॅसचा वास पार दारापर्यंत यायचा. मी एकदा शेठला म्हणाले, "हे धोक्याचं हाये. बंद करा."

"पगार बराबर मिळतो ना? मंग तोंड कशाला चालवती?"

उन्हाळा होता. मी पोस्टात गेल्ते. आवाज झाला तेव्हा मला वाटलं ट्रकचं टायर फुटलं. बाहेर आले तर आमच्या बाजूनं लोक पळून राह्यले. गोडाऊनचा पत्रा वर उचलून बाजूला पडलेला. आणि त्या धुरातून हमीदभाई चालत आला. कुणी धरलेलं न्हाई, आपल्या पायानं. सदरा अंगाला चिकटलेला. कुठं सदरा संपतो आणि कुठं कातडी सुरू होते ते कळत न्हवतं. तो पायरीवर बसला. माझ्याकडं बघून म्हणाला, "बाईसाब, चप्पल अंदर रह गई."

एवढंच. आई गं न्हाई, पाणी न्हाई. चप्पल.

त्याला जालन्याला नेलं, तिथून औरंगाबादला. तिथं तो गेला.

त्या दिवसापासून मी घरात गॅस पेटवला न्हाई. चूल वापरते. तरी कधी भर दुपारी स्वयंपाकघरात तो वास येतो. मी उठून दारं उघडते. शेजारीण विचारते, काय झालं? काय सांगू? कुणीतरी पायरीवर बसलंय असं वाटतं. दार उघडून बघते. पायरी रिकामी असते.

पोलीस शेठकडं गेले न्हाईत. माझ्याकडं आले. पाटीवर नाव माझं, परवाना माझा, गुन्हा माझ्यावर. शेठ ठाण्यात खुर्चीवर बसलेला. मी खाली. माझ्यासमोर त्यानं सांगितलं, "मी फक्त जागेचा मालक. भाडं घेतो. धंदा बाईचा." भाडेपट्टा काढून दाखवला. खाली माझी सही. जी मी भागीदारीची म्हणून केल्ती.

जामिनावर सुटून घरी आले तर हमीदभाईची बायको दारात बसलेली. जैबुन. रडत न्हवती. मला म्हणाली, "बोर्ड पे नाम तुमारा है. सब बोलते मालकीन तुमीच. शेठ भी वहीच बोलता. फिर तुम बोलो बाई, मेरा आदमी किसके काम पे मरा?"

मी मालकीण न्हाई, असं म्हणावं तर मी शेठसारखीच हात झटकणार. हो म्हणावं तर शेठचं खोटं खरं होणार. ती उठली आणि गेली. उत्तर न घेता गेली.

जालन्याच्या वकीलसाहेबांनी कागद वाचून दाखवले. एकात सगळा कारभार शेठच्या हाती दिल्याचं मुखत्यारपत्र, दुसरा भाडेपट्टा. ते म्हणाले, "फसवणुकीचा दावा लावता येईल. पण विचार करा. धंदा दुसराच चालवत होता हे तुम्हीच कोर्टात सांगणार. कंपनी एजन्सी काढून घेईल. तुमच्या हातात काहीच राहणार न्हाई."

मी दावा लावणार, हे शेठच्या कानावर गेलं. तो पुन्हा घरी आला. या वेळी मला ताई म्हणाला.

"ताई, कोर्टात जिंदगी जाती. तू एवढंच सांग, हमीद स्वतःच्या मनानं चोरून टाक्या भरत होता. सगळे सुटू. तो तर मेला. त्याला आता काय फरक पडतो?"

माझ्या आत काहीतरी तुटलं. खुर्ची पुसली तेव्हा तुटलं न्हवतं. ठाण्यात खाली बसवलं तेव्हा न्हाई. आता तुटलं. मी म्हणाले, "हमीदभाईचं नाव पुन्हा तुमच्या तोंडातून काढू नका."

शेठनं बाबांकडं बघितलं. पोरीला समजव, असं. जन्मभर त्याचा माल वाहिलेले बाबा खाटेवर बसलेले होते. उठले न्हाईत. बसूनच म्हणाले, "शेठ, निघा तुमी."

दावा लावला. कंपनीनं एजन्सी काढून घेतली. पाटी उतरली. दुकानात जो सूर मी ऐकल्ता, त्याच सुरात शेठचा वकील मला कोर्टात विचारायचा. "तुम्ही बी.ए. आहात ना? मग सही करताना का वाचलं न्हाई?"

"इंग्रजीत होतं."

"बी.ए. झालेल्या बाईला इंग्रजी येत न्हाई?" मागं कुणीतरी हसलं. "फुकटच्या सवलती मिळतात, सांभाळता येत न्हाईत."

मी म्हणाले, "मला वाचता आलं न्हाई. शेठला येत होतं. त्यांनी वाचून खोटं सांगितलं. मग लाज माझी का काढता?"

हसणं थांबलं. न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "हे लिहून घ्या. जसंच्या तसं."

वर्षं गेली. बाबा गेले. कोर्टानं निकाल दिला की सह्या फसवून घेतल्या, कागद मला बांधील न्हाईत. शेठनं अपील केलं. माझ्या अर्जावरून हमीदभाईच्या मरणाच्या खटल्यात शेठही आरोपी झाला. मीही आहेच. आरोपींतून माझं नाव काढायला मी अर्ज केला न्हाई. वकीलसाहेब चिडले. मी म्हणाले, पाटी माझी होती, मी माझ्यापुरती उभी राहीन. पण एकटी न्हाई.

तारखेला जैबुन येते. एकाच एसटीनं येतो, एकाच बाकड्यावर बसतो. ती माझ्याशी बोलत न्हाई. तिनं मला माफ केलेलं न्हाई, आणि मी तिची माफी मागितलेलीही न्हाई.

शेठ आता म्हातारा झालाय. नातेवाईक दंडाला धरून कोर्टाच्या पायऱ्या चढवतात. गावातले शहाणे मला अडवून सांगतात, "बाई, सोडा आता. म्हाताऱ्यावर दया करा. अशानं तुमच्या हाती काय येणार?"

माझ्या हाती काही यायला नकोच. मला फक्त त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असलेलं बघायचंय, आणि जैबुनसमोर त्याच्याच तोंडून एक वाक्य ऐकायचंय. धंदा माझा होता. तो माणूस माझ्या कामावर मेला.

तो ते बोलल्याशिवाय मी एकही तारीख चुकवणार न्हाई. आणि तो आधी मेला, तर त्याच्या वारसांना दाव्याची नोटीस जाईल.