त्या बाई आणि आमचे कॉम्रेड

आमचे कॉम्रेड इंग्लंडच्या राणीला ‘त्या बाई’ म्हणायचे. राग नसायचा हो त्यात; शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसं. माझ्या घरात मात्र त्या बाई कपांवर, बिस्किटांच्या डब्यांवर, भांडी पुसायच्या टी-टॉवेलवरसुद्धा होत्या. कॉम्रेड चहाला आले की कप फिरवून राणीचा चेहरा माझ्याकडे करत. “वहिनी, तुमची मैत्रीण तुम्हीच बघा.”

बस डेपोतून निवृत्त झाल्यावर लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या लायब्ररीत दर गुरुवारी ते आम्हा पाचसहा मराठी म्हाताऱ्यांना समाजवाद शिकवत. मी सातवी पास, पण गप्प बसायची अक्कल नाही. एकदा रशियाचा झार गादीवरून उतरला, कामगार रस्त्यावर आले, कॉम्रेडांचा आवाज चढला, आणि मी विचारलं, “मग त्याच्या मुलींच्या जेवणाचं कोण बघत होतं हो?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वहिनी, तुम्ही तिथं असता तर क्रांती स्वयंपाकघरातच अडकली असती.”

मग नागपूरला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली. तिला दुसरं कोणी नव्हतं. जायचं तर खरं, पण किती वर्षांसाठी कोण जाणे. आणि दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की इथं कायम राहण्याची परवानगी जाणार. चाळीस वर्षांचं घर, गुरुवारचा वर्ग, सगळंच. उपाय एकच, ब्रिटिश नागरिक होणं. त्यासाठी त्या बाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ!

मी ती वर्षभरापूर्वी एका दमात घेतली होती. वर पदर सावरून फोटोला नमस्कारही केला होता. त्यामुळे तालमीला मीच मास्तरीण. “देवाचं नाव नको असेल तर गाळता येतं,” मी समजावलं. ते खुर्चीतून उठलेच. “देव गाळता येतो, पण त्या बाई नाहीत?”

पुढे गाडी शपथेतल्या राणीच्या वारसांपाशी अडली. “जे अजून जन्मलेही नाहीत, त्यांचीही चाकरी?”

“अहो, म्हणून टाका. कोण ऐकतंय?”

“मी ऐकतोय ना.”

शपथविधीच्या दिवशी टाउन हॉलमध्ये मी नवी साडी नेसून, कॅमेरा घेऊन पाहुण्यांत बसले. सगळे शपथेला उभे राहिले, कॉम्रेडही. हातातल्या शपथेच्या कार्डाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ते खुर्चीवर नीट ठेवलं आणि बाहेर चालू लागले.

पायऱ्यांवर मी कडाडले, “दोन ओळींसाठी परतीची वाट बंद केलीत?”

“दोन ओळी इतक्या क्षुल्लक असत्या, तर माझ्याकडून वदवून घेतल्या असत्या का?”

त्या दिवसाचा एकच फोटो निघाला, माझ्या अंगठ्याचा.

ते गेले. गुरुवारी फोन मात्र यायचा. दोन वर्षं उलटली, तिसरंही गेलं. परतीचा विषय आम्ही दोघंही टाळायचो. एकदा आनंदानं ओरडलेच, “वहिनी, नेपाळचा राजा राजवाडा सोडून गेला!”

“अगं बाई! मग आता राहील कुठं बिचारा?”

पलीकडे खो-खो हसणं. “माझा अख्खा वर्ग नापास!”

तो शेवटचा फोन. महिन्याभरानं त्या आजारी बहिणीनंच कोणाकडून तरी कळवलं, भाऊ गेला.

राणीचे कप अजून कपाटात आहेत. मी काही सुधारले नाही. ओळखीपाळखीच्यांच्या शपथविधीला हौसेनं जाते, फुकटचं बिस्किट खाते. शेवटी त्या बाईंचं गाणं, म्हणजे इथलं राष्ट्रगीत, लागतं, सगळे उभे राहतात. मी बसून राहते. कोणी पाहिलंच तर गुडघे चोळत म्हणते, दुखतात हो फार.

तुम्हाला म्हणून सांगते, गुडघे माझे ठणठणीत आहेत.