प्रमेयाचं गाऱ्हाणं

आमच्या बाजूला शिकवणी घेणारा माणूस कुठल्या वाटेने त्या कामात येईल याचा नेम नाही. देवगडात, माझ्या माहेरी, मला गणित शिकवलं ते एका आंबेवाल्या मास्तरांनी. बी.एड. वगैरे काही नव्हतं त्यांचं. हापूसची कलमं होती आणि गणिताचं वेड होतं. हंगाम आला की शिकवणी आंब्याच्या अढीशेजारी भरायची, आणि उत्तर चुकलं की मास्तर हातात पेंढा देऊन पेटी भरायला बसवायचे. मालवणात एक गृहस्थ बोटीवरची नोकरी सोडून इंग्रजी शिकवतात. कुडाळला बँकेतून निवृत्त झालेले एक जण हिशेबशास्त्र शिकवतात आणि वर्गात अजूनही काउंटरवर बसल्यासारखे चष्म्यावरून बघतात.

मी त्यातलीच एक. गणितात बी.एस्सी. झाले, लग्न होऊन तोंडवलीत आले आणि घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, दहावीची शिकवणी सुरू केली. शाळेत नोकरी मिळाली नाही म्हणून ही शिकवण्या घेते असं लोक म्हणतात, त्यांना खुशाल म्हणू दे. मला हे काम आवडतं. मला राग चटकन येतो हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे, पण ज्याला समजत नाही त्याचा राग मला कधी आला नाही. न समजता मान डोलावणाऱ्याचा येतो, आणि असा येतो की खडू हातात राहत नाही.

आता अशी माणसाच्या रूपातली डोलणारी मान माझ्या घरातच होती. माझी धाकटी जाऊ. आमच्याकडे पर्यटक उतरतात, त्यांचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे. सासूबाई काही म्हणाल्या की ‘व्हय’, नवरा म्हणाला की ‘व्हय’, पुण्याच्या पाहुण्यांनी तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याला नाकं मुरडून पनीर मागितलं तरी ‘व्हय’. नववीत गणितात आपटली आणि शाळा सुटली, तेव्हापासून ‘माका काय कळता’ हे तिच्या तोंडी बसलं होतं.

तर एक दिवस ही बाई चुलीपुढे बसून मला म्हणाली की तिला दहावी करायची आहे. वाडीत आरोग्याचं काम बघणारी आशाताई मुलाकडे मुंबईला राहायला जाणार होती. आशा व्हायचं तर दहावी पास हवी. जावेच्या पहिल्या बाळंतपणात याच आशाताईने ग्रामीण रुग्णालयापर्यंत सबंध वाटभर तिचा हात सोडला नव्हता. ते काम आपण करायचं, हे जावेने तेव्हाच मनात धरलं होतं आणि इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाकीचे विषय तिचे ती वाचेल, एकट्या गणिताने तिचे हातपाय गळले. “माका जमाचा नाय गो वयनी,” असं ती रोज म्हणायची आणि रोज भांडी आटपून खळ्यात येऊन बसायची. पोरं तिला काकी म्हणत आणि सरकून जागा देत.

माझी शिकवण्याची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोरं भूमितीची प्रमेयं पाठ करतात. सिद्धता घडाघडा म्हणतात, पण मधल्या एका पायरीला बोट लावून ‘हे का?’ विचारलं की सगळी गाडी रुतली. अशी पोपटपंची ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा गावच्या देवळात सासरे गाऱ्हाणं घालत होते, म्हणजे लोकांच्या वतीने देवाकडे मागणं मागत होते. ते गावचे मानकरी, गाऱ्हाण्याचा मान त्यांच्याकडे. मी पदर सावरून ऐकत उभी होते. कोण आलाय, कुठून आलाय, त्याच्यावर काय संकट आहे, त्याचं मागणं काय, सगळं ओळीने. दर टप्प्याला थांबायचं आणि जमलेल्या लोकांनी म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा’. काही राहून गेलं, कुणाचं नाव सुटलं, तर लोकांचा होकार लगेच नरम पडतो आणि सासरे मागे जाऊन ते दुरुस्त करतात. कागद नाही, पाठांतर नाही. मला तिथेच हसू फुटलं. पुस्तकातलं पक्ष, साध्य आणि सिद्धता हे आणखी काय आहे? काय दिलंय, काय मागायचंय आणि ते पदरात कसं पडतं.

दुसऱ्या दिवशी खळ्यात गाऱ्हाणं सुरू झालं. एकाने फळ्यापाशी उभं राहायचं. “बा देवा म्हाराजा, ह्या वर्तुळाच्या भायल्या बिंदूतसून दोन स्पर्शिका काढल्यो आसत.” बाकीच्यांनी म्हणायचं, “व्हय म्हाराजा.” नियम एकच. पायरीबरोबर तिचं कारण आलं पाहिजे. कारण नाही आलं तर कुणी तोंड उघडायचं नाही. ती शांतता मोठी वाईट असते. फळ्यापाशी उभं राहिलेलं पोर त्या शांततेत जे शिकतं ते माझ्या ओरडण्याने कधी शिकलं नव्हतं.

जावेची मात्र कमाल. ती प्रत्येक पायरीला सगळ्यांच्या आधी व्हय म्हणायची. चूक असली तरी व्हय, कारण नसलं तरी व्हय. मी दात-ओठ खायचे. घरची जाऊ, बोलायचं तरी किती? एकदा बोललेच. म्हटलं, तू वाढायला बसलेली नाहीस, इथे कुणाला नको म्हटलंस तर कुणी उपाशी उठणार नाही. तिने त्यालाही ‘व्हय’ म्हटलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

मग ती संध्याकाळ आली. वर्गात एक हुशार मुलगा होता, मालवणहून एसटीने यायचा. गुण चांगले, अक्षर मोत्यासारखं आणि तोरा त्याहून मोठा. त्या दिवशी स्पर्शिकांचं प्रमेय त्याच्याकडे होतं. बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेले दोन्ही स्पर्शिकाखंड सारखे असतात, एवढंच सिद्ध करायचं. केंद्र जोडून दोन त्रिकोण करायचे आणि ते एकरूप दाखवायचे. हा पठ्ठ्या सुसाट निघाला. पहिल्या दोन पायऱ्यांना कारणं दिली आणि तिसरीला बाहेरच्या बिंदूपाशी झालेले दोन कोन एकरूप म्हणून सांगून पुढे गेला. त्रिकोण एकरूप ठरायचे होते अजून, आणि त्यांचे कोन हा आधीच सारखे धरून बसला होता. पण हुशार मुलाची पायरी चुकेल कशी? सगळं खळं एका सुरात गरजलं, “व्हय म्हाराजा.”

जाऊ गप्प होती.

मी तिच्याकडे पाहिलं. ती फळ्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून. मुलाने पुढची पायरी सांगितली तशी तिने हात वर केला. आवाज इतका बारीक की पुढच्यांना वळून बघावं लागलं.

“कारण खंय आसा?”

मुलगा म्हणाला, काकी, आकृतीत दिसतंय ना. तर ती म्हणाली, दिसतंय हे कारण नव्हे. कोपऱ्यातली एक मुलगी हसायला लागली आणि मग तिचं तिलाच उमगून एकदम थांबली. हळूहळू सगळ्यांना उमगलं. मुलाने फडकं घेतलं, तिसरी पायरी पुसली आणि त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते इथपासून पुन्हा सुरुवात केली. तेवढं मात्र मानलं मी त्याला. मला इतका आनंद झाला की मी शिकवणी तिथेच सोडली आणि सगळ्यांना खाजं आणून खायला घातलं. जाऊ आत गेली तीच भाकऱ्या थापायला. तव्याचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा होता.

पण आमचं सुख फार दिवस टिकलं नाही. पोरांच्या शाळेत पूर्वपरीक्षा झाली आणि माझ्या विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत प्रत्येक पायरी लिहिली, कारण लिहिलं आणि त्याच्यापुढे इमानदारीने ‘व्हय म्हाराजा’ही लिहिलं. एकीने तर सिद्धता संपल्यावर शेवटी देवाला नमस्कार घातला होता. त्यांचे गणिताचे शिक्षक माझ्या खळ्यात येऊन तावातावाने बोलून गेले. त्यांच्या शाळेचं हसं झालं म्हणाले. मी विचारलं, सिद्धता बरोबर आहेत का? बरोबर आहेत, पण ही काय तऱ्हा झाली? काही पालकांनी मुलं काढून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याहून कठीण म्हणजे ही गोष्ट सासऱ्यांच्या कानावर गेली. तोवर त्यांना वाटत होतं की पोरं खळ्यात भजन म्हणतात. त्यांनी मला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, “देवाची मस्करी करतंस?” शिकवणी बंद करा असं त्यांनी म्हटलं नाही, पण त्यांच्या घरात त्यांचं गप्प बसणं हीच बंदी होती. दारामागे जाऊ उभी होती, हातात पुस्तक धरून. परीक्षा तोंडावर आलेली. आता शिकवणी थांबली असती तर तिचं सगळंच थांबलं असतं, आणि नेहमीप्रमाणे ती त्यालाही होकार देऊन चुलीपुढे जाऊन बसली असती. या विचाराने माझा राग उफाळून आला.

मी म्हटलं, “मामांनू, देवाक कारण सांगल्याशिवाय तुमी कायव मागतास? मगे पोरांनी परीक्षकाक कारण कित्याक सांगूचा नाय?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे खळ्यात आले आणि सुपारी कातरत कडेच्या बाकावर बसले. म्हणाले, देवाचं नाव घ्यायचं नाही, बाकी तुमचं चालू द्या. पोरं लगेच ‘बा परीक्षका म्हाराजा’ म्हणायला लागली. मीही नवा नियम घातला: व्हय तोंडात, कारण कागदावर. त्या संध्याकाळी फळ्यापाशी जाऊ होती. सासऱ्यांसमोर मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती. पदराचं टोक पिळत तिने प्रमेय अर्ध्यापर्यंत नेलं. सासरे ऐकत होते. मध्येच त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“पक्ष सांगताना आवाज पडता तुझो,” ते म्हणाले. “मागणा करताना मान वर ठेवूची. आपला खरा असला की घाबरूचा कित्याक?”

तेव्हापासून ते रोज येऊन बसायला लागले. कुठे थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा, ऐकणाऱ्याचा होकार पुरता आल्याखेरीज पुढे जायचं नाही, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं. त्यांना भूमितीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माझ्या वर्गात दोन शिकवणारे झाले आणि गेलेली मुलं एकेक करून परत आली.

भूमितीच्या पेपराला तिला सोडायला मीच गेले होते. बाहेर आली ती लाल चेहरा करून. पर्यवेक्षकांनी तिला दोनदा दटावलं होतं, पेपर लिहिताना ओठ हलतात म्हणून. बाकी काही सांगेना. निकालाच्या दिवशी मोबाइलला रेंज धरण्यासाठी आम्ही सगळे किनाऱ्यावर सुरूच्या बनात जाऊन उभे राहिलो, सासरेसुद्धा. पास झाली होती. गणितात असे गुण होते की त्या मालवणच्या मुलाने स्वतःचे सांगायच्या आधी तिचेच सगळ्यांना सांगितले. मी तिला घट्ट धरलं आणि ओक्साबोक्शी रडले. बाजूला पर्यटक फोटो काढत होते, काढू देत.

तरी जागा अजून मिळायची होती. ग्रामसभेत तिचं नाव आलं आणि दुसऱ्या वाडीतल्या एका बारावी झालेल्या मुलीचंही आलं. शिक्षण तिचं जास्त, तेव्हा तीच घ्या, असं पुढच्या रांगेतले पुढारी म्हणाले. मग त्यातल्या एकाने विचारलं, अडलेल्या बाईचं अवेळी बोलावणं आलं तर घरचे हिला पाठवतील का? विचारलं जावेबद्दल, पण बघितलं माझ्या दिराकडे. सगळी सभा दिराकडे बघायला लागली आणि तिथून सासऱ्यांकडे. दिराने तोंड उघडलं. सासऱ्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो गप्प झाला. मी बायकांत बसले होते. तिने नुसती मान हलवली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

जाऊ उभी राहिली. पदर खांद्यावर सारखा केला, डोक्यावर घेतला नाही.

“नाय,” ती म्हणाली. “ह्येंका इचारू नकात. जातलंय मी, जबाब माझो मी देतंय. दुसऱ्या वाडयेक रवणाऱ्या माणसाक हय येवक गाडी व्हयी, माका पाय पुरे. आणि माझ्या बाळंतपणाक आशाताय इली तेव्हा तिणा घरच्यांका इचारत बसाक नाय, म्हणान आज मी हय उभी आसंय.”

मग त्या बारावीवाल्या मुलीनेच, दाराजवळ उभ्या उभ्या, काकीचं बरोबर आहे असं म्हटलं. ग्रामसेवकाने रजिस्टर पुढे ओढलं आणि सही करायला माझ्या जावेला टेबलापाशी बोलावलं.