सायलेन्सरची बाजू

कवळी बनवणाऱ्याला जगात कोणी ओळखत नाही. चावायला दात त्याचे, पाटीवर नाव डॉक्टरचं. आमच्या या गृहस्थांना मात्र त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गल्ली त्यांना कवळीकाका म्हणे आणि ते त्या नावाला ओ देत. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. खिडकीशी लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले, मेण वितळवायचा छोटा दिवा, घासकामाची मोटर. घरी येणारी माणसं त्या जबड्यांकडे पाठ करून बसत, कारण इतकी तोंडं समोर हसत असताना चहा घशाखाली उतरत नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काकांचं खरं प्रेम राहत असे. लढाईच्या जुन्या गाड्या, खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या, तळहातावर मावतील अशा. बाजारातून सुट्या भागांचं किट आणायचं, आणि मग त्यात काय काय चुकलंय ते शोधून दाताच्याच कोरण्यांनी, दाताच्याच ॲक्रिलिकने सगळं दुरुस्त करत बसायचं. हा छंद असलेली पाचसहा माणसं महिन्यातून एकदा जमत आणि एकमेकांच्या कामाचा असा कीस पाडत की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हाणामारी होणार. काकांचा एकच धोशा असे. नुसती गाडी बनवायची नाही. एक अमुक गाडी, तिच्या आयुष्यातल्या एका अमुक दिवसाची. कोणी नवं काम पुढे ठेवलं की काका विचारत, "कुठल्या दिवशीची?" समोरचा गडबडला की काकांचा दिवस चांगला जाई.

अशा माणसाची एकदा चांगली जिरली होती. एका जुन्या छापील फोटोवरून त्यांनी एक तोफगाडी महिनोन् महिने खपून बनवली. बैठकीत एका निवृत्त ड्राफ्ट्समनने ती उचलून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "काका, हिचा ड्रायव्हर आरशात बसून गाडी चालवायचा का?" फोटोच मुळात उलटा छापला गेला होता. डावं ते उजवं, उजवं ते डावं. पुढची दोन वर्षं बैठकीत चहाचा कपही त्यांना मुद्दाम डाव्या हातात दिला जाई. तेव्हापासून काकांनी एक नियम केला. कुठलाही फोटो हातात आला की आधी सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, बाकीचं सगळं नंतर.

त्यांची एकुलती एक लेक सैन्यात ड्रायव्हर झाली. चिलखती ॲम्ब्युलन्स चालवायची, जखमींना उचलून मागे आणायचं. काका तिला ड्रायव्हरसाहेब म्हणत आणि ऐकणारा कोणी असला तर जरा मोठ्याने म्हणत. तिची गाडी जुनी, बापापेक्षा वयाने मोठी. काकांनी त्या जातीच्या गाडीचं किट मिळवलं. पण किटातली गाडी कारखान्यातून नुकती बाहेर पडलेली, आणि लेकीच्या गाडीने अनेक वर्षांचे ठोके आणि ठिगळं अंगावर घेतलेली. मग काय, लोक लेकीला फोनवर विचारतात जेवलीस का, हे विचारत मागच्या दाराला बिजागऱ्या किती. आई शेजारी बसून कपाळाला हात लावे. लेक मात्र हौसेने सगळं सांगे. डाव्या मडगार्डचा कोपरा फाटकाच्या खांबाला आपटून चेपला, तो सरळ कापूनच टाकलाय. मागच्या दाराखाली एक जादा पायरी आहे, लोखंडी खाटेच्या गजाची. गाडीवर तिच्या जोडीला असलेला दुसरा ड्रायव्हर, ज्याला सगळे लंबू म्हणत, त्याने ती जोडली होती, कारण बरोबरची नर्स बुटकी होती. लंबूचं म्हणणं असं की बुटक्यांचं दुःख उंचावरूनच नीट दिसतं.

काकांनी मडगार्डचा कोपरा कापला, तारेची पायरी बसवली, दारं चढवली. मग तळाचा पत्रा करायला घेतला आणि तिथेच त्यांचा हात थबकला. खऱ्या पत्र्याची जाडी त्यांना ठाऊक होती. तिला पस्तिसाने भागलं, तर उरत होती एका व्हिजिटिंग कार्डाएवढी. डॉक्टरचं एक कार्ड टेबलावर पडलंच होतं. ते बोटांत धरून काका बराच वेळ बसले. जरा दाबलं की वाकत होतं. रस्ता आणि लेक यांच्यामध्ये एवढंच होतं. एरवी बाप काळजी करतो ती मोघम असते. काकांच्या काळजीला माप होतं. आणि मग अचूकपणासाठी भल्याभल्यांशी भांडलेल्या या माणसाने आयुष्यात न केलेली गोष्ट केली. एकावर एक असे तीन पत्रे चिकटवून त्यांनी गाडीचा तळ जाड केला. गाडी उलटी केल्याशिवाय ते कोणाला दिसणार नव्हतं. नवससायास न मानणाऱ्या माणसाचा तो नवस होता, म्हणून ते कोणाला बोलले नाहीत. गाडी पुढच्या खोलीतल्या फळीवर गेली आणि काकू रोज सकाळी मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ झटकू लागल्या. काका आतून ओरडत, "हळू गं, आरसा निघेल."

त्या सकाळी पेपर उघडला आणि काकांची दातखीळच बसली. नदीकाठच्या रस्त्यावर सुरुंग फुटला होता, एक चिलखती ॲम्ब्युलन्स सापडली होती, आतली काही माणसं गेली होती. घरच्यांना कळवल्याशिवाय नावं देणार नाहीत, असं लिहिलं होतं. लेकीचा फोन दोन दिवस लागत नव्हता. तिकडे असं नेहमीच होई, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. बातमीखाली फोटो होता. गाडी पुढून आणि जरा बाजूने दिसत होती, एका कुशीवर कललेली, नंबर पुसून टाकलेला. काकांनी कामाचं भिंग काढलं. पुढच्या मडगार्डचा कोपरा कापलेला होता.

काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांचा चेहरा बघून तशाच उभ्या राहिल्या. काकांनी फळीवरची गाडी उतरवली, फोटोशेजारी तशाच कोनात ठेवली, आणि एकदम त्यांना श्वास घेता आला. "उजवा आहे," ते म्हणाले. "बघ ना. आपल्या गाडीचा डावा कापलाय. हिचा उजवा. ही आपली नव्हे."

काकूंनी वाकून फोटो पाहिला. मग शेजारची गाडी पाहिली. मग पुन्हा फोटो. बऱ्याच वेळाने त्या "हो की" म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी चहा प्यायला, वर बिस्किटही खाल्लं, आणि एका म्हाताऱ्या मास्तरांची कवळी पुढे ओढून मेणात दात बसवायला घेतले.

दोनचार दात बसवून झाल्यावर सहज, नुसत्या सवयीने, नजर पुन्हा पेपरवर गेली. सायलेन्सर गाडीच्या डाव्या अंगाला होता.

त्या जातीच्या एकाही गाडीला सायलेन्सर डावीकडे नसतो. काकांनी उठून आपली गाडी उचलली, जणू तिने आपली बाजू बदलली असेल. उजवीकडेच होता. पेपरवाल्यांनी फोटो उलटा छापला होता; गाडीचं तोंड पानाच्या आत यावं म्हणून असं करतात, हे काकांइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणजे कापलेला मडगार्ड डावा. बारा वर्षं पाळलेला नियम नेमका आज, नेमका याच फोटोला ते विसरले होते. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. फक्त खोलीतले सगळे जबडे आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटलं.

आता सांगायचं कसं? स्वयंपाकघरातून भांडी घासण्याचा आवाज येत होता. तिला तरी दोन घास सुखाने खाऊ देत, असं त्यांनी ठरवलं. अशी बातमी फोनवर येत नाही, वर्दीतली दोन माणसं दारात येऊन सांगतात, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यामुळे गल्लीत गाडी थांबली की काकांचं काळीज थांबे. एकदा रिक्षाचं दार वाजलं, एकदा कोणाचे तरी बूट. बूट पुढे गेले तेव्हा काकांना शेजाऱ्यांच्या दारात गेले असते तरी चाललं असतं असं वाटून गेलं, आणि स्वतःचीच किळस आली. मन चिंती ते वैरी न चिंती. आत काकू मघापासून एकच पातेलं घासत होत्या. काकांनी ते ऐकलं, पण त्यांना वाटलं, बरंय, कामात आहे बिचारी.

जेवताना त्यांनी काकूंना भात वाढला, काकूंनी त्यांना वाढला. पोट जरा जड आहे, असं काका म्हणाले. काकू म्हणाल्या, सकाळी माझंही जास्तच खाणं झालं. दोन्ही ताटं तशीच उचलली गेली. नंतर कवळीकडे पाहिलं तर डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला. असली चूक त्यांनी शिकाऊ असतानाही केली नव्हती.

आणि बेल वाजली.

काका उठून दाराकडे निघाले. स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. ते वळून आत गेले तर काकू ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या, ओले हात मांडीवर तसेच.

"तुम्ही उघडा," त्या म्हणाल्या. "मला नाही जमायचं."

"अगं, आपली गाडी नाहीये ती. सकाळी दाखवलं ना तुला?"

काकूंनी मान हलवली. "सायलेन्सर उजवीकडे असतो. रोज पुसते मी." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटलेलं दिसलं, म्हणून गप्प बसले. तळही तुम्ही जाड केलाय. तेही माहितेय मला."

बेल पुन्हा वाजली. काकांनी त्यांना हात देऊन उठवलं आणि दोघं मिळून दाराशी गेले. दार कोणी उघडलं ते नंतर दोघांनाही आठवलं नाही. दारात डॉक्टरांकडचा माणूस उभा होता, हातात जबड्यांच्या मापांचा डबा. मास्तर कवळीची घाई करताहेत, असं तो सांगू लागला, तेवढ्यात काकांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. बिचारा कसाबसा डबा ठेवून निघाला.

मग लपवायचं काही उरलं नाही. दोघं बाकावर शेजारी बसले. काकूंनी गाडी मांडीवर घेतली होती आणि पदराने नसलेली धूळ पुसत होत्या. सकाळपासून एकेकट्याने भ्यायलेली ती माणसं आता एकत्र भीत होती. भीती काही कमी झाली नव्हती. फक्त कोणाला तरी हाताला धरून बसता येत होतं.

उन्हं खिडकीवरून उतरली तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी. काकांचं बोट बटणावर पडेना, तेव्हा काकूंनीच दाबलं.

"आई, मी आहे," लेक म्हणाली.

काकूंनी फोन कानाला न लावता छातीशीच धरला. काकांनी तो हळूच सोडवून घेतला आणि मोठ्या आवाजावर टाकला. लेक तुटक तुटक बोलत होती. तिला नवी गाडी आणायला मागच्या डेपोत पाठवलं होतं. तिच्या जागी तिच्या गाडीवर लंबू बसला होता. नर्स पायरीवर होती, बाहेर फेकली गेली, वाचली. "लंबू गेला, बाबा," ती म्हणाली आणि मग तिला बोलवेना.

काकांना आनंदाने ओरडावंसं वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे कुठलं तरी न पाहिलेलं घर आलं, त्या घराची बेल आली. आज ती वाजली असणार, आणि तिथे दारात मापांचा डबा घेऊन कोणी आलं नसणार. काकूंच्या मांडीवरच्या गाडीला मागच्या दाराखाली तारेची पायरी होती. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि ते रडू लागले. लंबूला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याने जोडलेल्या पायरीची लांबी-रुंदी त्यांना पाठ होती.

लेक सावरली. आता फोन ठेवायला हवा, मागे रांग आहे, असं म्हणाली. नवी गाडी तिच्याच नावावर लागली होती. सकाळी ती घेऊन त्याच रस्त्याने निघायचं होतं.

काकांनी तोंड उघडलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना गाडीबद्दल काही विचारायचं नव्हतं. जेवलीस का, एवढंच ते कसंबसं म्हणाले. तिकडून हो की नाही ते येण्याआधी काकूंनी त्यांचा दंड धरला.

"विचारा तिला," त्या म्हणाल्या, "नव्या गाडीचा सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे."