लरलीनच्या हातातल्या मुंग्या

लरलीन क्रॅबट्रीनं जन्मभर कोळंबी पकडणाऱ्या खलाशांसाठी रांधलं. पाय थकले तशी नवऱ्यासोबत घर विकून ती फ्लोरिडातल्या आमच्या ट्रेलर पार्कात, पत्र्याच्या फिरत्या घरांच्या वस्तीत, राहायला आली. "घर म्हणजे नुसती झाडलोट," म्हणायची. "ट्रेलरात काय, एकदा गिरकी घेतली की झाडून झालं!" माझी सख्खी शेजारीण. कुणाला उपाशी पाठवणार नाही आणि कुणाचं ऐकून घेणार नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे रोज दुपारी विजा. ढग गुरगुरला की सगळ्यांनी ट्रेलरचे प्लग काढायचे आणि पार्कातल्या कपडे धुवायच्या पक्क्या खोलीत जमायचं, ही आमची रीत. येताना खायला काहीतरी आणायचं. लरलीन मक्याचा पाव आणायची आणि पत्त्यांत राजरोस लबाडी करायची. बाहेर आभाळ फाटत असायचं आणि आत ही आरडाओरडा करत असायची.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्यांच्या विजेच्या डब्याशेजारच्या पाइनवर वीज पडली. झाड उभं चिरलं. तिचा नवरा ओडेल भलताच हबकला. दुसऱ्या दिवशी त्यानं तांब्याची लांब सळई आणली, ट्रेलरलगतच्या वाळूत ठोकली आणि तारेनं ट्रेलरला जोडली. "घरचं अर्थिंग! आता बिनघोर झोप," म्हणाला. आम्ही सगळ्यांनी जाऊन ती सळई पाहिली, वाखाणली. आम्हाला कुणाला काय कळतंय डोंबल!

त्यानंतर हिवाळ्यात लरलीनच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. पायरी चढताना जास्त. एकदा दारातच हातातलं सूपचं भांडं पडलं. तिला साखरेचा आजार होताच, डॉक्टर म्हणाले नसा गेल्या. ओहायोतली मुलगी ट्रिशा घाबरली. तिनं तिकडे आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली धरली. खोली एकटीपुरती. ओडेल इथेच राहणार. रविवारी ट्रिशा न्यायला येणार, असं ठरलं.

मला असा संताप आला होता! पण भांडायचं कुणाशी? पोर बिचारी काळजीनंच करत होती. पन्नास वर्षांचा संसार, आणि आता एक इथे, एक तिथे. लरलीन बॅग भरताना मोठमोठ्यानं गाणी म्हणायची. आत काय चाललं होतं ते मला कळत होतं.

शुक्रवारी वादळ आलं नि गेलं. ओडेल पुढे जाऊन प्लग लावून आला. मी लरलीनला धरून मागून निघाले. माझे बूट भिजून चिंब, म्हणून काढून हातात घेतलेले. ओल्या गवतात अनवाणी उभी राहून मी त्यांच्या दाराचा दांडा धरला मात्र...

"आई गं!" हात खांद्यापर्यंत झिणझिणला. मी बूट टाकून चार पावलं मागे!

लरलीननं माझ्याकडे मायेनं पाहिलं. "तुलाही साखर निघाली का गं?"

"साखर कसली, माझं कपाळ! बये, तुझ्या दारात करंट आहे! ओडेल, बंद कर, खांबावरचा ब्रेकर बंद कर आधी!"

"शक्यच नाही," ओडेल म्हणाला. "मी स्वतः सळई..." पण धावला.

सकाळी वायरमन रूबेन आला. डब्याच्या आतली अर्थिंगची तार पार जळून तुटलेली. त्या विजेनंच. त्यात हिवाळ्यात पाणी तापवायचा हीटर बिघडून करंट गळायला लागला, तो ट्रेलरच्या पत्र्यावर येऊन बसला होता.

"पण माझी सळई?" ओडेल विचारायला लागला.

"काका, गळता करंट वाळूतून नीट परत जात नाही. त्याला डब्यापर्यंत तारेचीच वाट हवी, तेव्हा कुठे ब्रेकर पडून वीज बंद होते. ती वाटच तुटली होती."

तार बदलली, हीटर बदलला. मीटर लावून तपासल्यावर रूबेननं लरलीनला दांडा धरायला सांगितलं. तिनं आधी एक बोट लावलं. मग मूठ. मग दोन्ही हात. काही नाही. ती पायरीवर बसली आणि पोरीसारखी हमसून रडली. मलाही आवरेना.

तिनं ट्रिशाला फोन केला. "डॉक्टरकडे परत जाईन, देवाशप्पथ जाईन. पण ती खोली सोड." मग डोळे पुसून तिनं मान वळवली. "ओडेल, दिवसातून वीसदा तूही हाच दांडा धरतोस. तुला कधी लागलं नाही?"

ओडेल बुटांकडे बघत राहिला. "लागायचं."

"कधीपासून?"

"नाताळापासून."

"अरे मुडद्या! एका शब्दानं बोलला असतास, तर दुखणं दाराला आहे हे तेव्हाच कळलं असतं!"

"मला वाटलं, माझ्याही नसा गेल्या." ओडेल म्हणाला. "दोघंही आजारी निघालो असतो, तर तुला त्या वृद्धाश्रमातून परत घरी कोण आणणार होतं?"

लरलीननं पायरीवर सरकून त्याला जागा केली.