काकांची एकुलती एक सही

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मृत्युपत्र केलं त्या दिवशी चहा मीच ठेवला होता. म्हणून ठासून सांगते, ते खरं हाय. रेल्वेच्या नोकरीवर त्यांनी नांदेडात दोन खोल्या बांधल्या. नवऱ्यानं टाकल्यापासून मी तिथंच आहे, अप्पांचं म्हातारपणही मीच काढलं. ते म्हणायचे, पोराचा पुण्यात फ्लॅट हाय, हे घर पोरीचं.

साक्षीदार म्हणून त्यांनी बुद्धविहारातले सगळ्यात वडीलधारे दोघं बोलावले. मानाचं काम, मानाच्या माणसांना. एखादा तरणा गडी बोलवावा, हे आमच्या डोक्यातच आलं न्हाई. एका आजोबांना मागंपुढं कोणी नव्हतं. दुसरे अप्पांचे जिवलग दोस्त, आमचे काका. जन्मभर अंगठा लावत आलेले.

त्या दिवशीही काकांनी अंगठा पुढं केला, तर अप्पांनी त्यांचा हातच धरला.

"माझ्या कागदावर अंगठा न्हाई चालायचा. आपल्या बापांना शाळेच्या पायरीवर चढू दिलं न्हाई, म्हणून आपणबी तसंच मरायचं का?"

"सत्तरी उलटल्यावर शिकवून राहिलास," काका म्हणाले. "हात बघ कसा कापून राहिला. लोक म्हणतील, कागदावरून कोंबडी चालत गेली."

"जाऊ दे. कोंबडी तुझी असली म्हणजे झालं."

सकाळपासून रद्दीचे तीन कागद भरले, तेव्हा दुपारी एकदाची सही जमली. दोन म्हातारे पोरांसारखे हसत बसले होते. नोंदणीला जाऊ, जाऊ म्हणता राहूनच गेलं. मग वर्षा-दोन वर्षांत तिघंही गेले, अप्पा सगळ्यांत शेवटी.

धाकट्या भावानं दावा लावला. मृत्युपत्र बनावट हाय, घर विकून निम्मं निम्मं करायचं.

"आक्का, निम्मं तुलाबी मिळतंयच की," तो फोनवर म्हणाला.

"निम्म्यात नांदेडात काय येतं रे? न्हाणीघर?"

तो हसला न्हाई. लहानपणी लई हसायचा.

माझ्या वकीलबाई चांगल्या आहेत, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं. "मावशी, एक साक्षीदार जिवंत असता तर प्रश्न नव्हता. आता निदान एकाची सही त्याचीच आहे, हे दाखवावं लागेल. त्या आजोबांचा तर कुठं कागदच सापडत नाही. काकांची दुसरी एखादी सही आणा."

एसटीनं लातूर गाठलं. काकांची सून तिथं राहते. तिनं आधी जेवू घातलं, मग पत्र्याची पेटी उघडली. रेशनचे कागद, बँकेचे, म्हातारपणीच्या सरकारी पगाराच्या अर्जाचे. सगळीकडं निळा अंगठा. पेटी तळापर्यंत उपसली, सही एकबी न्हाई.

"ताई, मामंजी सही करायचे हे मी आज ऐकून राहिले," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "तुमच्या भावाचा वकील येऊन गेला. त्यानं विचारलं, सही यायची का. मी न्हाई म्हणाले. खोटं कसं बोलू?"

तिचं काय चुकलं? काहीच न्हाई.

त्या दिवशी अंगठा लावू दिला असता, तर पेटीतल्या कुठल्याही अंगठ्याशी जुळला असता. अप्पांनी मला घर द्यायच्या कागदावर काकांना माणसासारखी सही करू दिली, आणि त्याच सहीनं कागद खोटा ठरायला आला. अप्पांना दोष द्यायला जीभ रेटत न्हाई.

परत आल्यावर वकीलबाईंना सगळं सांगितलं, रद्दीच्या कागदांपासून. त्या एकदम सरळ बसल्या. "मावशी, सराव केलेले ते कागद कुठं आहेत? तेच आपल्याला तारतील."

अप्पांनी ते घडी घालून माझ्याच हातात दिले होते. नीट ठेव म्हणाले होते. मला वाटलं, म्हाताऱ्यांची गंमत. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या आंघोळीचा बंब पेटवायला कागद पाहिजे होता.

वकीलबाई अजून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "बंबात घातले," मी म्हणाले.